एवढी मॅच होऊ दे

गेल्या काही महिन्यांत शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत फिरतोय. मुलगा ‘स्पार्किंग झीरो’ मागतोय, घेऊन द्यावा का? काहींच्या मुलीही मागतायत. कुणी लिहितं, ‘नुसती हाणामारी आहे हो.’ कुणी लिहितं, ‘आता अभ्यासाचं वाटोळं.’ मधूनच एखादे बाबा नुसता अंगठा टाकून गप्प बसतात, कारण त्यांनी तो स्वतःसाठी आधीच घेतलेला असतो. आमच्याकडेही तो आला. आधी मी लांबून पाहिला, मग कंट्रोलर हातात घेऊन खेळले. पहिल्या ओळखीत काय दिसलं, ते तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. आई म्हणूनच बोलतेय. खेळाडू म्हणून माझी लायकी काय, हे माझ्या लेकाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आहे.

खेळाचं पूर्ण नाव ‘ड्रॅगन बॉल: स्पार्किंग! झीरो’. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवर आला. स्पाइक चुनसॉफ्ट या जपानी कंपनीने बनवला, बंदाई नामकोने विकायला आणला. पहिल्या २४ तासांत ३० लाखांवर प्रती खपल्याचं प्रकाशकांनी जाहीर केलं होतं. तेव्हा तुमच्याच पोराला हे वेड लागलंय, असं मनाला लावून घेऊ नका.

लांबून दिसतो तो निव्वळ गोंगाट. पिवळ्याधमक उभ्या केसांचा एक पैलवान घसा फुटेस्तोवर ओरडतो, त्याच्या अंगातून ज्वाळा निघतात, दुसरा पैलवान डोंगरावर आपटतो, डोंगराचा चुरा होतो, मग कुठूनसा निळा झोत येतो आणि अख्खा पडदा पांढरा होतो. आपण चहाचा कप घेऊन हॉलमधून जात असतो, तेवढ्या वेळात आपल्याला एवढंच दिसतं. आणि आपला निकाल तयार होतो. मला वाटतं, बहुतेक घरांत या खेळांविषयीचं मत असंच, जाता-येता बनलेलं असतं.

कंट्रोलर हातात घेतला की मात्र गोष्ट बदलते. आपल्या पिढीला मारामारीचा खेळ अगदीच अनोळखी आहे, असं नाही. नव्वदच्या दशकात गल्लीतल्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून ‘स्ट्रीट फायटर’ खेळलेले बाबालोक तुमच्यातही असतील. ‘मुस्तफा’ तर सगळ्यांना आठवेल. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ होतं, हे निम्म्या जणांना आजही माहीत नसेल. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये पडदा सपाट होता. दोघे आडव्या रेषेवर समोरासमोर उभे, पुढे सरक, मागे सरक, उडी मार. ‘स्पार्किंग झीरो’ ज्या प्रकारात मोडतो त्याला अरिना फायटर म्हणतात. इथे कॅमेरा आपल्या गड्याच्या पाठीमागे असतो आणि चहूबाजूंनी मोकळं मैदान पसरलेलं असतं. शिवाय इथले जवळपास सगळेच उडतात, म्हणजे वर आणि खाली याही दिशा आल्या. शत्रू समोर आहे म्हणेपर्यंत तो डोक्यावर असतो. माझी पहिली लढत प्रतिस्पर्ध्याला शोधण्यातच गेली.

हाणामारीचं बटण सोपं आहे. प्लेस्टेशनवर चौकोन दाबत राहिलं की गुद्दे पडतात, त्रिकोणाने ऊर्जेचे गोळे सुटतात, गोलाने बचाव, फुलीने झेप. पोरं ज्या कौशल्याबद्दल तासन्‌तास बोलतात ते वेगळंच आहे. प्रत्येक गड्याची ‘की’ नावाची ऊर्जा असते. मोठा हल्ला करायचा तर ती खर्च होते, आणि पुन्हा भरायची तर एका जागी उभं राहून बटण दाबून धरावं लागतं. त्या वेळात तुम्ही उघडे पडता. समोरचा हुशार असेल तर नेमका तेव्हाच येऊन बडवतो. हे मला आपल्या कबड्डीतल्या चढाईसारखं वाटलं: दम किती उरलाय, मध्यरेषा किती लांब आहे, आत्ता हात घालावा की परत फिरावं, हे सगळं क्षणात ठरवायचं. ऊर्जा पुरती भरून आणखी दाबून धरली, की ‘स्पार्किंग’ अवस्था येते, म्हणजे काही सेकंद तुम्ही अजिंक्य असल्यासारखे असता. पण तिथवर पोचायला धीर लागतो. बटणं नुसती बडवत सुटणारा माणूस, उदाहरणार्थ मी, तिथवर पोचतच नाही.

याहून बारीक कसब बचावात आहे. फटका अंगाला लागायच्या ऐन क्षणी बटण दाबलं तर आपला गडी अदृश्य होऊन समोरच्याच्या पाठीमागे उगवतो. जरा आधी दाबलं की फुकट, जरा नंतर दाबलं की मार. माझ्या लेकाला हे जमायला बरेच दिवस लागले. पाढे पाठ करताना पाच मिनिटांत कंटाळणारं हे पोरगं इथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसलं होतं, तेही कुणी न सांगता. त्याचं कौतुक वाटलं आणि जरा रागही आला, हे कबूल करते.

आता गोष्टीकडे. आपल्यापैकी जे आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांनी ‘ड्रॅगन बॉल झी’ कार्टून नेटवर्कवर कधी ना कधी पाहिलेलं असतं. अकिरा तोरियामा या चित्रकाराने १९८४ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ ही मूळ चित्रकथा जपानच्या एका साप्ताहिकात सुरू केली, ती १९९५ पर्यंत चालली. मूळ बीज ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतलं, तिच्यातल्या वानरवीराचं. म्हणूनच कथेचा नायक, छोटा गोकू, शेपटीवाला आहे, ढगावर बसून उडतो आणि त्याची काठी हवी तेवढी लांब होते. आपल्याकडच्या आजीला हे दाखवलं तर ती मारुतीरायाचं नाव घेणारच. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हा खेळ आला. अनेक मोठ्या माणसांनी तो घेतला त्यामागे हेही एक कारण असावं.

या गोष्टीतलं एक कुटुंब तुम्ही मुद्दाम बघा. गोकूची बायको चिची. तिचा एकच धोशा: त्यांच्या मुलाने, गोहानने, अभ्यास करावा, विद्वान व्हावं. जग बुडायला आलेलं असतं, आकाशातून दैत्य उतरत असतात, आणि ही बाई पोराच्या बुडालेल्या अभ्यासाची काळजी करत असते. लहानपणी मुलं तिला हसतात. मी आता पाहिलं तेव्हा मला ती पटली, अगदी मनापासून पटली. आणि गंमत म्हणजे गोहान मोठेपणी खरोखरच विद्वान होतो. गोहानला लढायला शिकवतो कोण, तर त्याच्या बापाचा जुना वैरी पिकोलो. आधी कठोर, मग हळूहळू बापापेक्षाही जास्त बाप झालेला. गोहान आणि पिकोलो या दोघांच्याही बाजूने या खेळात कथा खेळता येते. गोकू, व्हेजिटा, फ्रीझा, भविष्यातून आलेला ट्रंक्स, गोकू ब्लॅक आणि जिरेन हे बाकीचे सहा. म्हणजे खलनायकांच्या नजरेतूनही तीच गोष्ट दिसते. मध्येमध्ये खेळ विचारतो, आता काय करशील? पिकोलोची मदत घेशील की नाही? उत्तर बदललं, किंवा एखादी लढत ठरलेल्या वेळेच्या आत जिंकली, तर कथा मूळ मालिकेत कधीच नसलेल्या वाटेने जाते. जेवताना मुलाला विचारण्यासारखा प्रश्न इथे आयता मिळतो: व्हेजिटाने वेळीच ऐकलं असतं तर काय झालं असतं? ‘शाळेत आज काय झालं’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणणारा आमचा मुलगा यावर पोळी संपेपर्यंत बोलला.

बरं, मारामारीचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. युरोपातल्या गेम-मानांकनानुसार हा खेळ १२ वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, अमेरिकेत ‘टीन’, म्हणजे १३ वर्षांपासून पुढे. रक्तमांसाचा चिखल इथे नाही. गुद्दे, झोत, स्फोट आणि फाटलेले कपडे आहेत, हरलेला आडवा पडतो आणि पुढच्या लढतीला ताजातवाना उठतो. तिसरी-चौथीतल्या मुलाला मी स्वतः हा खेळ देणार नाही, सातवीतल्याला देईन. आणि ‘असे खेळ खेळून मुलं गुन्हेगार होतात’ या भीतीविषयी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये केलेलं विधान मला समतोल वाटतं. हिंसक खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं ती संस्था म्हणते. त्याच दमात हेही म्हणते की, आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी या खेळांचा थोडा पण खराखुरा संबंध दिसतो. म्हणजे पोलीस दारात येण्याची भीती सोडा, धाकट्या बहिणीला कोपर मारलं जातंय का ते बघा.

एका गोष्टीबद्दल मात्र मी जास्त आग्रही आहे. या खेळात पडदा सतत लखलखतो. काही मुलांना अशा भराभर उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग दाखवताना असाच लाल-निळा प्रकाश लुकलुकला आणि ६०० हून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुमच्या मुलाला कधी फिट आली असेल, किंवा घरात कुणाला तो त्रास असेल, तर खेळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी खोलीतला दिवा चालू ठेवावा आणि मुलाला टीव्हीला नाक लावून बसू देऊ नये. हे आपल्या आयांनी आपल्याला सांगितलेलंच आहे.

आता येतं घराघरातल्या भांडणाचं मूळ: ‘एवढी मॅच होऊ दे’. पानं वाढलेली असतात, आपण म्हणतो, ‘पॉज कर आणि ये.’ घरातल्या घरात, कॉम्प्युटरशी किंवा कथेत खेळत असेल तर पॉज होतो. ऑनलाइन लढतीत होत नाही. समोर कुठल्यातरी दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात, दुसरा कुणीतरी बसलेला असतो, आणि आपल्या वरणभातासाठी त्याला थांबवून ठेवायची सोय खेळात नाही. मधूनच उठणं म्हणजे समोरच्याला अर्ध्यावर टाकून जाणं. आपण मात्र समजतो, की पोरगं थापा मारतंय. दिलासा एवढाच, की इथली लढत काही मिनिटांची असते. क्रिकेटच्या डावासारखी लांबत नाही. म्हणून आम्ही घड्याळाऐवजी लढती मोजतो. ‘साडेआठला बंद’ म्हटलं की साडेआठला नेमकी लढत मध्यावर असते आणि रोज तीच कटकट. ‘अजून दोन, मग जेवायला’ म्हटलं की तो दोन खेळून उठतो. बहुतेकदा उठतो. तिसरी सुरू झालेली ऐकू आली की मी स्वयंपाकघरातून फक्त आकडा ओरडते.

हरल्यावर मूल कसं वागतं, ते पहिल्या आठवड्यातच कळतं. कथेच्या सुरुवातीलाच एका अवाढव्य वानराचं रूप घेतलेल्या व्हेजिटाशी गाठ पडते. तुमचे साधे गुद्दे त्याला डासासारखेही लागत नाहीत, आणि त्याचा एक फटका म्हणजे तुमच्या ताकदीची निम्मी पट्टी साफ. खेळ आला तेव्हा जगभरचे खेळाडू या वानरापुढे इतके रडकुंडीला आले, की कंपनीने पुढे एका अपडेटमध्ये ती लढत सोपी केली. आमच्याकडे त्या काळात कंट्रोलर सोफ्यावर आपटला गेला. मी तेव्हा खेळ बंद केला नाही. कंट्रोलर आपटला तर त्या दिवसापुरता तो कपाटात जाईल, एवढंच सांगितलं, आणि एकदा गेलाही. रागावर उपदेश मी बरेच केलेत, त्या सगळ्यांपेक्षा हे कपाट जास्त उपयोगी पडलं.

चिडचिड किती झाली की काळजी करावी? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. २०२२ पासून ती यादी लागू आहे. तिच्यातलं वर्णन वाचलं तर रोज दोन तास खेळणारं मूल त्यात बसत नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं ते वर्णन आहे. तेव्हा पोराला उठता-बसता ‘व्यसनी’ म्हणू नये. पण झोप, शाळा, मित्र आणि जेवण या चारही गोष्टी एकदमच सुटायला लागल्या, तर वर्ष सरायची वाट न बघता समुपदेशकाकडे जावं.

पैशांचं थोडक्यात. नवा मोठा कन्सोल गेम आपल्याकडे चार-पाच हजारांच्या घरात जातो. या खेळात ‘झेनी’ नावाचे पैसे असतात, ते लढून मिळवायचे, खऱ्या पैशांनी विकत घ्यायचे नसतात, हे मला आवडलं. नवे गडी आणि नव्या कथा यांचे जादा पॅक मात्र खरे पैसे मोजून घ्यावे लागतात, आणि ‘आई, सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य तिथूनच सुरू होतं. प्लेस्टेशनवर पालकाच्या नावाने कुटुंबाचं खातं काढून मुलाचं वेगळं खातं जोडता येतं. महिन्याचा खर्च शून्यावर आणता येतो, वयानुसार खेळ अडवता येतात, अनोळखी लोकांशी बोलणं बंद करता येतं, रोजची वेळही ठरवता येते. एक्सबॉक्सवरही अशीच सोय आहे. हे काम कन्सोल घरी आल्या दिवशीच करा, मूल शेजारी बसलेलं असताना. नंतर गुपचूप केलंत तर ते त्याला कळतंच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्याचा धाक या खेळाला लावू नका. त्याची बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. आजोबांनी बातमी वाचून ‘हे आता बेकायदा झालंय’ असं सांगितलं, तर नातवाला चुकीच्या मुद्द्यावर जिंकायची आयती संधी मिळते.

मला या खेळात सगळ्यात भावली ती एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय. हल्ली ती दुर्मीळ होत चालली आहे. पडद्याचे दोन भाग होतात, दोघे एकाच सोफ्यावर. खेळ बाजारात आला तेव्हा अशा लढतीला मैदान एकच होतं, मालिकेतली ती पांढरीशुभ्र रिकामी खोली, जिथे ना डोंगर, ना इमारत. सजावटीची हौस असलेल्यांनी नाकं मुरडली. मला ती रिकामी खोली सोयीची वाटली, निदान समोरचा कुठे आहे ते तरी दिसतं. दुसऱ्या कंट्रोलरला वेगळे पाच-सहा हजार मोजावे लागतात, पण चार जादा पॅक घेण्याऐवजी मी तोच घेईन.

मुलांमध्ये ताकदीचा फरक असेल, धाकटा-थोरला खेळत असतील, तर गुणांची लढत लावून द्या. सुरुवातीलाच या खेळात १८२ गडी होते (एकाच पात्राची वेगवेगळी रूपं वेगळी धरून), आणि ते सगळे सारख्या ताकदीचे नाहीत, मुद्दामच नाहीत. म्हणून या लढतीत प्रत्येकाला किंमत आहे. १५ गुणांत संघ बसवायचा. एखादा दैवी शक्तीचा गडी घेतला की निम्म्याहून जास्त खिसा रिकामा, मग उरलेल्यात किरकोळ माणसं. त्यापेक्षा मध्यम ताकदीचे तीन-चार परवडतील का? आमच्याकडे यावर कागद-पेन्सिल घेऊन वाद झाले, आणि त्या बेरजा-वजाबाक्या कुणी गृहपाठ म्हणून दिलेल्या नव्हत्या. सगळ्यात स्वस्तातल्या गड्यांपैकी एक आहे मिस्टर सेटन. साधा माणूस, मिशाळ, बढाईखोर, उडताही न येणारा. त्याच्याकडून मार खाणं ही मुलांच्या जगातली मोठी नामुष्की.

या रविवारी बसाच. सेटिंगमध्ये बटणांची ‘स्टँडर्ड’ रचना ठेवा, ‘क्लासिक’ ही जुन्या, २००५ ते २००७ मधले भाग खेळलेल्यांसाठी आहे. आवाज निम्म्यावर आणा, ते ओरडणं नाहीतर खालच्या मजल्यापर्यंत जातं. तुम्ही गोकू घ्या, तो नवशिक्याला सांभाळून घेतो. पहिल्या दोन लढतींना मुलाला सांगा, ‘तू मिस्टर सेटन घे.’ तो हसेल, ‘आई, तरी पण तू हरशील’ म्हणेल. आमच्याकडे तसंच म्हणाला होता, आणि तसंच झालं. मग त्याने कंट्रोलर खाली ठेवला, माझा अंगठा धरून गोलाच्या बटणावर ठेवला आणि म्हणाला, ‘घाई करू नकोस, तो जवळ येईपर्यंत थांब.’